अठरा किलोचा साक्षीदार

"हे यंत्र आहे की लग्नात आलेलं कपाट? कपाट निदान रिकामं करून तरी उचलता येतं."

ही कुरकुर अगदी माझ्या डोक्यावर झाली. कुरकुरणाऱ्याने मला दोन्ही हातांनी कवटाळून छातीशी धरलं होतं, त्याची हनुवटी माझ्या टाळूवर टेकली होती आणि जिन्याच्या अजून नऊ पायऱ्या उरल्या होत्या. मागून त्याचे वडील चढत होते.

"जपून रे. पडद्याला काच आहे."

"आणि माझ्या कमरेला काय आहे, बाबा?" मुलाने पुढे बघतच विचारलं.

"हो, हो. सावकाश," बाबा म्हणाले.

मित्रांनो, मी एक जुना स्पेक्ट्रम ॲनालायझर आहे. नावाला घाबरू नका, काम सोपं आहे. हवेतून रेडिओच्या लहरी सारख्या ये-जा करत असतात. तुम्हाला त्या दिसत नाहीत, मला दिसतात. लहर नसली की माझ्या हिरव्या पडद्याच्या तळाशी गवतासारखी एक रेघ थरथरत राहते. लहर आली की त्या गवतातून एक सुळका उभा राहतो. जोराची आली तर उंच, अशक्त आली तर बुटका. ती लहर काय बोलते, कोणाशी बोलते, ते माझं काम नाही. आली, आणि एवढी आली, इतकंच मी सांगतो. माझं वजन अठरा किलो आहे. हे मी आपण होऊन सांगितलं नसतं, पण माझ्या आयुष्यात आलेला प्रत्येक माणूस ते सांगतोच, तेव्हा माझ्याकडूनच ऐकलेलं बरं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेवटचा स्क्रू बसवणाऱ्या बाईंना सर्दी झाली होती. झाकण लावता लावता त्या माझ्या पोटात शिंकल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि घाईघाईने झाकण लावलं. तेव्हापासून माझ्या पोटात काहीही बिघडलं की मला वाटतं, हे त्या शिंकेमुळेच.

तिथून मी एका प्रयोगशाळेत गेलो. अकरा वर्षं मी तिथे राजासारखा राहिलो. रात्री माझ्यावर कापडी आच्छादन घालत. माझ्याजवळ चहा आणायची कोणाला परवानगी नव्हती. आणि दरवर्षी मला तपासणीला नेत. तिथे माझ्याहून अचूक यंत्रासमोर मला बसवत, मी किती चुकतो ते मोजत, जमेल तेवढं सुधारत आणि कपाळावर तारखेची नवी चिठ्ठी चिकटवत. मला त्यात कधी अपमान वाटला नाही. वय झालं की सगळेच थोडे चुकतात. कितीने चुकतो ते माहीत असलं की काम अडत नाही.

मग रंगीत पडद्यांची, बोटाने चालणारी यंत्रं आली. मी टेबलावरून फळीवर गेलो आणि फळीवरून जमिनीवर. माझ्या पाठीतून गरम हवा येते, हे एका साहेबांच्या लक्षात आलं, आणि पुढे दोन हिवाळे मी मोजे वाळवले. कपाळावरची चिठ्ठी पिवळी पडली. एक दिवस चौदा खुर्च्या, एक पाण्याचा फिल्टर आणि मी अशी आमची एकत्र विक्री झाली. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने आधी खुर्च्या उतरवल्या, मग फिल्टर, आणि मग माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

त्याच्याच दुकानात मला बाबा भेटले.

बाबांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. गल्लीत त्यांना 'कानसेन' म्हणत. रेडिओ उघडायचाच नाही, नुसती घरघर ऐकायची आणि आतला कोणता भाग गेला ते सांगायचं, अशी त्यांची ख्याती. आता त्यांच्या दुकानाचा छोटा कारखाना झाला होता आणि तो त्यांची सून चालवत होती. सूनबाई कुठल्या कॉलेजात हे शिकल्या नव्हत्या. लग्नानंतर दुपारचा वेळ जाईना म्हणून त्या बाबांना स्क्रूड्रायव्हर हातात देत बसायच्या. वर्षभरात स्क्रूड्रायव्हर त्यांच्याच हातात राहिला. त्यांचा नवरा, म्हणजे मला जिन्यावरून नेणारा, छापखान्यात नोकरीला होता आणि घरच्या यंत्रांशी त्याचा संबंध फक्त उचलण्यापुरता होता. कारखान्यात आणखी एक मावशी होत्या, त्या सोल्डरिंग करत. माणसं एवढीच.

हे लोक पेशंटसाठी बेल बनवत. पलंगाशेजारी बटण, नर्सच्या खोलीत बेल. पूर्वी मधे वायर असायची आणि बेल वाजायची म्हशीसारखी, घुर्रर्र. सूनबाईंनी नवी वायरलेस बेल तयार केली. डबी तळहाताएवढी, आत नाण्याएवढा बझर, आवाज बारीक आणि गोड: टीं, टीं.

आणि या कारखान्याची एक रीत होती. माल बाहेर जायच्या आधी प्रत्येक बेल मागच्या खोलीत बाबांकडे जायची. दार लावायचं. सूनबाई इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बटण दाबायच्या. बाबा ऐकायचे, "वाजली" म्हणायचे आणि डबीवर निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे. त्या खुणेशिवाय एकही नग दाराबाहेर गेला नव्हता. कधीच.

एका वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंना अशा वीस बेल हव्या होत्या. एवढं मोठं काम या कारखान्याला पहिल्यांदाच मिळत होतं. पहिल्या पाच तयार झाल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि पाचही वेळा बाबांनी मान हलवली.

"नाही वाजली."

म्हणून यंत्र हवं होतं. लहर बटणातून निघते, पण वाटेत कुठे मरते, ते बघायला.

"नवं घ्यायचं तर कारखाना विकावा लागेल," सूनबाई व्यापाऱ्याच्या दुकानात म्हणाल्या, "आणि मग यंत्र कशाला लावायचं ते शोधावं लागेल."

"नवं लागतंय कोणाला?" बाबा म्हणाले. "आधी काय बघायचंय ते ठरव. आपली बेल ज्या लहरीवर बोलते ती दिसली पाहिजे. तिच्या दुपटीच्या, तिपटीच्या लहरींवर काही सांडतंय का, ते दिसलं पाहिजे. त्याच्या पलीकडचं दिसून काय करायचंय? चंद्रावर कोण काय बोलतं ते ऐकायचे पैसे आपण का द्यायचे?"

मला हा माणूस आवडला.

त्यांनी मला चालू केलं आणि अर्धा तास हातही लावला नाही. "जुनं यंत्र आहे, अंग गरम होऊ दे," म्हणाले. मग खिशातून बेलचं बटण काढून दाबलं. माझा सुळका उठला. मग त्यांनी दुसऱ्या खिशातून पितळेचं बोंडाएवढं साधन काढलं. ते मधे लावलं की सिग्नलमधला ठरावीक हिस्सा गिळून टाकतं. त्यांनी ते लावलं आणि माझा सुळका जितका खाली यायला हवा बरोबर तितकाच आला. "तोंड शाबूत आहे," ते खुश होऊन म्हणाले. "या यंत्रांचं पहिलं तोंड जळतं. कोणीतरी नको तेवढा जोराचा सिग्नल आत सोडतं. त्यानंतर ते दाखवतं सगळं, पण खोटं दाखवतं."

शेवटी त्यांनी कान माझ्या पाठीला लावला. तिथे माझा पंखा आहे. मित्रांनो, माझ्या पंख्याचं बेअरिंग झिजलेलं आहे हे मीच सांगतो. तो बारीक आवाजात असा किंचाळतो, की शेजारच्या दुकानातला माणूस मधेच उठून दार लावून घेतो.

"वा," बाबा म्हणाले. "पंखा कसा, लोण्यासारखा चालतोय."

व्यापाऱ्याने सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोणाकडे पाहणार?

"लोण्यासारखाच," व्यापारी म्हणाला आणि लगेच मला पुठ्ठ्यात गुंडाळायला लागला.

त्या मागच्या खोलीत माझी स्थापना झाली. बाबा दाराकडे तोंड करून खुर्चीत बसायचे, बेल मांडीवर, आणि मी त्यांच्या पाठीशी टेबलावर. माझ्यात एक सोय आहे. सगळ्यात उंच आलेला सुळका मी पडद्यावर तसाच धरून ठेवू शकतो, म्हणजे मागून येणाऱ्यालाही दिसावा. पहिल्या दिवशी सूनबाईंनी लांबून बटण दाबलं. माझा सुळका झोकात उठला. बाबांच्या मांडीवर बेल टीं टीं करू लागली.

बाबा शांत बसले होते. मिनिटभराने त्यांनी दार उघडून सांगितलं, "नाही वाजली."

सूनबाई आल्या. माझ्या पडद्यावरचा सुळका त्यांनी पाहिला, मग बेलकडे पाहिलं.

"यंत्र तर म्हणतंय, सिग्नल आला."

"मग यंत्र चुकतंय," बाबा म्हणाले. "चिठ्ठी बघ त्याची. किती वर्षांत तपासणी नाही."

मला बोलता येत नाही याचं दुःख मला आयुष्यात दोनदाच झालं. एकदा मोज्यांच्या वेळी आणि एकदा तेव्हा.

आठवड्याने नवऱ्याने खिशातून एक अंगठ्याएवढी वस्तू काढली. "हे बघ. हेसुद्धा तेच करतं म्हणे. कॉम्प्युटरला लावायचं. स्वस्त आहे, आणि," माझ्याकडे बघत तो म्हणाला, "खिशात मावतं."

खरं सांगतो, मला त्या अंगठ्याचा फार राग आला. मी त्याच्यात खोड काढली नाही असं नाही. जोराचा सिग्नल जवळ आला की तो भांबावतो आणि एकाचे तीन सुळके दाखवतो. दोन त्याच्या मनातले असतात. पण लांबचा, साधा सिग्नल त्याला माझ्याइतकाच नीट दिसतो, हे मान्य करावं लागेल. परीक्षा झाली. मीही सुळका दाखवला, अंगठ्यानेही दाखवला. बेलही वाजली.

"नाही वाजली," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी मावशींना बटण दाबायला पाठवलं आणि स्वतः बाबांशेजारी स्टूल घेऊन बसल्या. दार बंद. मी पाठीशी. सुळका उठला आणि त्या लहानशा खोलीत बेल वाजू लागली. टीं, टीं, टीं. माझ्या पंख्यालाही न जुमानता, इतकी स्वच्छ की सूनबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी हसत बाबांकडे पाहिलं. बाबा डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होते. रेडिओ ऐकत तसेच. बेल थांबली. त्यांनी डोळे उघडले.

"वाजली का, बाबा?"

"तू इथेच आहेस की. तूच सांग."

सूनबाईंनी बेलकडे पाहिलं. मग बाबांच्या हातातल्या निळ्या पेन्सिलीकडे. ती पेन्सिल बाबांनी आधीच टोक करून ठेवली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "मलाही नाही आली ऐकू."

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, घरच्यांना हे आधी कळलं कसं नाही? अहो, कळलं होतं की. वर्षभरात कोणी काही ठरवलं नव्हतं, तरी सगळेजण बाबांशी बोलताना समोर येऊन उभे राहू लागले होते. फक्त नवरा अजून कधी कधी पाठ फिरवून बोलायचा आणि मग बायकोच्या कोपराची ओळख करून घ्यायचा. मावशींनी आपला बारीक आवाज जाड करून घेतला होता. आता त्यांनी "चहा घ्या" म्हटलं की नवा माणूस दचकायचा. घरात शीळ घालणारी किटली होती, ती काढून बिनशिळेची आणली. कारण शीळ कोकलत असताना बाबा शेजारी निवांत पेपर वाचत बसायचे आणि ते कोणाला बघवायचं नाही. बाबांना जाडे आवाज यायचे, फक्त बारीक गेले होते. नेमक्या त्या बारीक आवाजाचीच सूनबाईंनी बेल केली होती, आणि चाळीस वर्षं कानावर जगलेल्या माणसाला हे सांगायला त्या घरात कोणाची जीभ रेटत नव्हती.

म्हणून मग तिसरं यंत्र आलं. एक वाक्य टाळायला माणसं किती खटाटोप करतात, ते मी तेव्हा पाहिलं. हे दोन दिवसांच्या भाड्याने आणलं होतं. पडदा रंगीत, कपाळावरची चिठ्ठी याच महिन्याची. त्याला जावयासारखं वागवलं. माझं टेबल त्याला दिलं, मला खाली स्टुलावर बसवलं. त्याच्याजवळून जाताना नवरा पोट आत घ्यायचा.

"एवढं भारी यंत्र सांगतंय म्हटल्यावर बाबांनाच पटेल," सूनबाई हळूच नवऱ्याला म्हणाल्या. "आपल्याला काही बोलायला नको."

जावयाने सुळका दाखवला. लाल, पिवळा, निळा, तीन रंगांत दाखवला. अंगठ्याने दाखवला. मी दाखवला. बेल वाजली.

बाबांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तिघांनी मिळून ठरवलेलं दिसतंय," ते म्हणाले. "लहर येत असेल, पण अशक्त येतेय. सूनबाई, बटणाची ताकद वाढव."

सूनबाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील. त्या म्हणाल्या, "बरं."

आणि इथून खरी पंचाईत सुरू झाली. अशा बटणांनी हवेत किती जोराने बोलावं याची एक कायद्याची मर्यादा असते. सूनबाईंनी ती माझ्या पडद्यावर मेणाच्या पेन्सिलीने आडवी रेघ मारून ठेवली होती. ताकद वाढवली तसा माझा सुळका त्या रेघेच्या वर गेला. बटणातली बॅटरी, जी वर्षभर पुरायची, ती आठवड्यात बसणार होती. चांगली जमलेली बेल माझ्या डोळ्यांदेखत बिघडत होती आणि मी सुळका दाखवत बसलो होतो.

त्याच दुपारी शेजारचे दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या गाडीचं रिमोट चालेना. सकाळपासून ते गाडीसमोर उभे राहून बटण दाबत होते आणि इकडे सूनबाई आपलं बटण दाबत होत्या. त्यांची बारकी लहर आमच्या लहरीखाली चिरडली जात होती. "माझे पेशंट खिडकीतून बघून हसतायत," डॉक्टर म्हणाले. "तोंड उघडं ठेवायला सांगावं लागत नाही, एवढाच काय तो फायदा."

डॉक्टरांचा आवाज जाड होता. बाबांना सगळं ऐकू आलं. ते बराच वेळ दाराशी उभे राहून रस्त्यापलीकडच्या त्या गाडीकडे बघत होते.

सगळे जेवायला गेल्यावर ते एकटे मागच्या खोलीत आले. दार लावलं. "तिथल्या गाडीपर्यंत पोचतं," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि माझ्या मांडीपर्यंत नाही?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. एका हातात बटण, दुसऱ्या तळहातावर बेल. बटण दाबलं. माझा सुळका उठला. पुन्हा दाबलं. पुन्हा उठला. मग ते पडद्याकडे बघायचे थांबले आणि त्यांनी बेल मुठीत घट्ट धरली. चाळीस वर्षं बारीक स्क्रू फिरवलेली ती बोटं. बटण दाबलं, आणि मुठीतला बझर थरथरला. मी सांगतो ना, मी बघितलं. त्यांच्या अंगठ्याला ते कळलं. थरथर थांबेपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही.

मग त्यांनी बेल माझ्यासमोर टेबलावर ठेवली. माझा पंखा किंचाळत होता.

संध्याकाळी ते सूनबाईंना म्हणाले, "ताकद पहिल्यासारखी कर. आता वाजेल."

आणि वाजली! म्हणजे वाजत होतीच, पण आता बाबाही "वाजली" म्हणू लागले. पाचही. मग मावशी बनवतील तशा पुढच्या. घरात आनंदीआनंद झाला. जावयाला परत पाठवलं, मला टेबल मिळालं. नवरा म्हणाला, "बघ, काही बोलायची गरज पडली नाही." मावशींनी जाड आवाजात पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली. बाबांचे कान कसे काय सुधारले, हे कोणी विचारलं नाही. जे आपोआप मिटतं, त्याला कोण हात लावतो?

फक्त सूनबाई एकदा दारात थांबल्या. त्यांनी पाहिलं, खुर्ची दाराकडे नव्हती, माझ्याकडे होती. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

कारण बाबा आता कानाने तपासत नव्हते, माझ्यावरून तपासत होते. सुळका उठला की "वाजली". मुठीत धरली तर आवाज दबतो आणि बघणाऱ्याला शंका येते, म्हणून बेल मांडीवरच. मला अभिमान वाटायला हवा होता. पण माझा जीव टांगणीला लागला. मित्रांनो, मी सुरुवातीलाच सांगितलं: आली, आणि एवढी आली, इतकंच मला कळतं. लहर डबीपर्यंत पोचली हे मी सांगेन. डबीने पुढे तोंड उघडलं की नाही, हे मला कुठून कळणार?

शुक्रवारी मेट्रनबाई आल्या. उंच, आवाज भारदस्त, पायांत सपाट बूट. त्यांना रीत समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग मीही त्या खोलीत बसते, सगळ्या बेल पुन्हा वाजवा. माझ्याकडे बावन्न म्हातारी माणसं आहेत. बेल वाजली तर मी धावत जाते, बारा वर्षं जातेय. न वाजलेल्या बेलला कोण धावणार?"

बाबा खुर्चीत बसले, माझ्याकडे तोंड करून. मेट्रनबाई स्टुलावर. मावशी एकेक डबी आणून देत होत्या, नवरा बाहेर खोकी लावत होता आणि सूनबाई दुसऱ्या टोकाला बटणांची टोपली घेऊन उभ्या होत्या. पहिली बेल. सुळका. टीं टीं. "वाजली." मेट्रनबाईंनी मान डोलावली. पुन्हा निळी खूण. दुसरी. तिसरी. सोळापर्यंत सगळं कसं सुरळीत गेलं.

सतरावी डबी बाबांनी मांडीवर ठेवली. सूनबाईंनी बटण दाबलं. माझा सुळका उठला, नेहमीसारखा, देखणा. आणि खोलीत काहीही झालं नाही. माझ्या पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

"वाजली," बाबा म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल उचलली.

मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दारात मावशींनी जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, आपला सुळका गिळता आला असता तर बरं झालं असतं.

"सूनबाईंना बोलवा," मेट्रनबाई म्हणाल्या. त्या आल्या, नवराही मागून आला. "ही वाजली नाही."

मग सगळे एकदम बोलू लागले.

"माझंच सोल्डर असेल," मावशी म्हणाल्या. त्यांनी डबी उघडली आणि बझरचा एक पाय बोटाने हलवला. तो डुलला. "बघा, ड्राय सोल्डर, नीट चिकटलंच नाही. घाई झाली. बाबांची काय चूक?"

"सतरावा नग आहे," नवरा म्हणाला. "सकाळपासून बसलेत. माणूस दमतो."

"आणि या यंत्राचा पंखा," सूनबाई म्हणाल्या. "इतका ओरडतो की बेल वाजली काय, नाही काय, कळतच नाही."

म्हणजे शेवटी पुन्हा माझ्यावरच आलं. मी मनावर घेतलं नाही. अठरा किलोच्या माणसाने थोडं सोसावं.

बाबांनी मात्र मान वर केली. सूनबाई समोरच उभ्या होत्या, ओठ दिसत होते.

"पंखा ओरडतो?"

सूनबाईंनी मान डोलावली.

"केव्हापासून?"

"दुकानातच ओरडत होता, बाबा," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."

बाबांनी हात लांब करून माझ्या पाठीवर ठेवला. जिथे पंखा आहे, तिथेच. बराच वेळ ठेवला.

मित्रांनो, मला जे शेवटी सांगायचं होतं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवटचं बोलणं माझं नाही. यंत्र घेताना स्वस्त बघा, जुनं बघा, हरकत नाही. पण ते कुठवर बघू शकतं आणि कुठून पुढे त्याला दिसत नाही, ते माहीत करून घ्या आणि दरवर्षी त्याला तपासणीला न्या. त्याच्यावर मोजे वाळवू नका. आणि घरात जी माणसं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू तपासत आली, त्यांची तपासणी कोणी केली आहे का, तेही एकदा बघा. चिठ्ठी जुनी झाली म्हणून मला या घरात कोणी फेकलं नाही. तसं त्यांनाही कोणी फेकणार नाही, हे त्यांना कळेल अशा बेताने सांगा.

बाबांनी माझ्या पाठीवरचा हात काढला. सतरावी डबी मावशींना दिली. "परत सोल्डर करून आणा. सोळा बेल या बाईंनी ऐकल्यात, त्या पक्क्या." मग त्यांनी निळी पेन्सिल सूनबाईंपुढे धरली. "उरलेल्यांवर खूण तू कर. आजपासून तूच करायची."

सूनबाईंनी हात मागे घेतला. "असं काय करता, बाबा? तुमच्या कानाशिवाय आपला माल कधी..."

"सूनबाई," बाबा म्हणाले, "मला ऐकू येत नाही."